मेक्सिकन बटाटा आणि करपा

आमच्याकडे महिन्यातून एखाद्या रविवारी 'मेक्सिकन बटाटा' होतो. म्हणजे काय, तर भला मोठा बटाटा सालासकट ओव्हनमध्ये भाजायचा, वरून चीर देऊन उघडायचा आणि त्यात राजमा, मक्याचे दाणे, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, मिरची, चीज असं सगळं रचायचं. ही आमच्या नातीची फर्माईश. तिच्या आजोबांना सुरुवातीला 'बटाट्यात उसळ' ही कल्पनाच पटत नव्हती. आता ताट घेऊन सगळ्यांत आधी तेच बसतात!

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे एक खोड लागली आहे. ताटात काही नवीन आलं की हे कुठलं, इथवर कसं आलं, असं मनात सुरू होतं. या बटाट्याच्या बाबतीत तर पहिल्याच पायरीला अडखळायला झालं, कारण नाव मेक्सिकन आणि बटाटा काही मेक्सिकोचा नव्हे. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे त्या बाजूला. तिथल्या लोकांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी तो रानातून शेतात आणला. मेक्सिको तिथून हजारो किलोमीटर दूर. स्पॅनिश लोक येईपर्यंत मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांच्या शेतात लागवडीचा बटाटा नव्हता.

शब्दांची गंमत आणखी वेगळी. अँडीजमधल्या केचुआ भाषेत बटाट्याला 'पापा' म्हणतात आणि मेक्सिकोसकट सगळी स्पॅनिशभाषी अमेरिका आजही 'पापा'च म्हणते. आपण मात्र पोर्तुगीजांकडून 'बटाटा' उचलला. तो मुळात कॅरिबियन बेटांवरचा शब्द आणि त्याचा अर्थ होता रताळं! म्हणजे आपण मराठी, गुजराती, कोकणी माणसं चारेकशे वर्षं बटाट्याला रताळं म्हणून हाक मारतोय आणि तोही बिचारा 'ओ' देतोय. उत्तरेकडच्यांनी निदान 'आलू' हा जुना कंदवाचक शब्द त्याला चिकटवला.

मग या ताटात मेक्सिकोचं आहे काय? भरपूर आहे. मका तिथला, टोमॅटो तिथला (शब्दही तिथल्या नाहुआत्ल भाषेतला), अवोकाडो तिथला, मिरची तिथली. राजम्यावर मेक्सिको आणि अँडीज असा दोघांचाही हक्क आहे. चीज आणि साय मात्र नाही. १५१९मध्ये कोर्तेसची गलबतं लागली तेव्हा त्या देशात गाय नावाचा प्राणीच नव्हता. कांदा, लसूण, जिरं हेही स्पॅनिश लोकांबरोबर आलं. (जाता जाता सांगते, आपला उपासाचा राजगिरासुद्धा तिकडचाच. मेक्सिकोत त्याच्या लाह्या पाकात घालून वड्या करतात, अगदी आपल्या चिक्कीसारख्या. साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळं, राजगिरा... एकादशीचं आपलं अख्खं ताट अमेरिकेतून आलेलं आहे. याबद्दल पूर्वी खूप जणांनी लिहिलंय, म्हणून पुढे जाते.)

तरीही नाव खोटं आहे असं मी म्हणणार नाही. उत्तर मेक्सिकोत, सोनोरा आणि नुएवो लिओन या प्रांतांत, 'पापा आसादा' म्हणजे भाजलेला बटाटा रस्त्याकडेच्या खाणावळींतून मिळतो. बटाटा उघडून त्यात लोणी, साय, चीज आणि निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाचे तुकडे घालतात. हा गुराखी मुलूख, म्हणून मांस आणि दुधातुपाची चैन. सीमेपलीकडे टेक्सासमध्ये त्याचे आणखी अवतार झाले. आपण घरी करतो तो या सगळ्यांचा शाकाहारी चुलतभाऊ. त्या सीमेवर बटाट्यावरून भांडणही झालं. अमेरिकेचा ताजा बटाटा मेक्सिकोत यायला बंदी होती. २००३च्या करारानंतर तो सीमेपासून फक्त २६ किलोमीटरपर्यंत येऊ लागला. तिथल्या बटाटा उत्पादकांनी बाहेरून रोग येतील असं म्हणून पुढची वाट कोर्टात अडवून धरली. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि २०२२मध्ये सगळा देश खुला झाला. 'बाहेरून रोग येतील' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे लागतील.

आता कृती, कारण नुसता इतिहास वाचून पोट भरत नाही.

बटाटा जुना घ्यावा. नव्या बटाट्यात पाणी फार, तो भाजला की आतून चिकट लागतो. लांबट, जाड सालीचा, दोन-अडीचशे ग्रॅमचा इंदुरी बटाटा मिळाला तर उत्तम. स्वच्छ घासून, पुसून कोरडा करावा. काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचावा, नाहीतर आतली वाफ साल फोडते. वरून तेलाचा हात आणि जाडं मीठ. ओव्हन २००ला तापवून त्यात तास-सव्वा तास. पुष्कळ जण त्याला चांदीच्या कागदात गुंडाळतात. माझ्या मते तो भाजलेला बटाटा राहत नाही, उकडलेला होतो. साल कुरकुरीत व्हायला हवी, तीच तर मजा आहे. बाहेर काढल्यावर लगेच फुलीची चीर द्यावी आणि चारी बाजूंनी बोटांनी दाबावं, म्हणजे गर फुलून वर येतो आणि वाफ निघून जाते.

राजमा रात्री भिजवून, मऊ शिजवून, कांदा-लसूण-जिरं-टोमॅटोवर परतून थोडा ठेचावा. अंगाबरोबर दाट हवा, पातळ झाला तर बटाटा लगदा होतो. इथे एक सूचना. इंग्रजी पाककृतींत दोन चमचे 'चिली पावडर' असं लिहिलेलं असतं. ते आपलं लाल तिखट नव्हे! टेक्सासमध्ये गेबहार्ट नावाच्या एका जर्मन गृहस्थाने १८९०च्या दशकात मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण असं एकत्र दळून बाटलीतून विकायला सुरुवात केली, तो हा मसाला. आपलं तिखट त्या मापाने घातलं तर घरात कुणी जेवणार नाही. आंबट सायीऐवजी मी श्रीखंडाचा चक्का घेते, थोडं दूध आणि मीठ घालून फेटते. त्याची चव जास्त चांगली लागते असं माझं प्रामाणिक मत आहे. अवोकाडो घरात असला तर घालते, मुद्दाम आणत नाही. परवडायला हवा ना.

आता या मोठ्या बटाट्याकडे येते. एवढाल्या बटाट्याला एकेकाळी गिऱ्हाईक नव्हतं. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या याकिमा खोऱ्यात पाऊण-एक किलोचे बटाटे निघायचे. ते शिजवायला कठीण म्हणून शेतकरी डुकरांना घालायचे. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या भोजनयानांची व्यवस्था पाहणाऱ्या हेझन टायटस या माणसाला हे कळलं. त्याने असा एकेक बटाटा भाजून, लोण्याचा गोळा ठेवून १९०९पासून गाडीत वाढायला सुरुवात केली. तो इतका गाजला की रेल्वेने स्वतःची जाहिरातच 'थोरल्या भाजक्या बटाट्याचा मार्ग' अशी केली. बटाटा बघायला माणसं गाडीत बसायची म्हणे!

अमेरिकेत आज भाजायला जो बटाटा सर्वांत जास्त वापरतात तो रसेट बरबँक. त्याची वंशावळ काढली आणि मी थबकले. लूथर बरबँक हा मॅसॅच्युसेट्समधला तरुण. त्याला १८७२मध्ये आपल्या बागेत 'अर्ली रोझ' जातीच्या झाडाला एक फळ दिसलं. बटाट्याला टोमॅटोसारखं छोटं हिरवं फळ धरतं, क्वचित. त्यात २३ बिया निघाल्या. त्या लावल्या, त्यांतलं एक रोप सरस निघालं. त्याचे हक्क १५० डॉलरना विकून बरबँक १८७५मध्ये कॅलिफोर्नियाला गेला. पुढे त्याच वाणात खरबरीत तपकिरी सालीचा फरक झाला, तो हा रसेट. आता मागे चला. 'अर्ली रोझ' झालं 'गार्नेट चिली'च्या बीपासून. (ही चिली म्हणजे देश, मिरची नव्हे.) आणि 'गार्नेट चिली' तयार केला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या गुडरिच नावाच्या पाद्र्याने. त्याने १८५१मध्ये पनामातल्या अमेरिकन वकिलातीमार्फत दक्षिण अमेरिकेचे थोडे बटाटे मागवले होते. धर्मोपदेश सोडून या गृहस्थाला बटाट्याचा नाद का लागला? कारण डोळ्यांदेखत बटाटे सडत होते. आपल्या बटाट्याची जात दुबळी झाली आहे, मूळ मुलखातलं ताजं रक्त आणलं पाहिजे, असं त्याने ठरवलं.

तो सडवणारा रोग म्हणजे करपा. पान काळं पडतं, दोन-चार दिवसांत शिवार जळाल्यासारखं होतं आणि जमिनीतला कंद दुर्गंधी सुटून लिबलिबीत होतो. १८४३मध्ये तो न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या आसपास दिसला, १८४५च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये आणि सप्टेंबरात आयर्लंडमध्ये.

आमच्या पाठ्यपुस्तकात आयर्लंडचा दुष्काळ एका वाक्यात संपायचा, 'बटाट्याचे पीक बुडाल्याने' असं म्हणून. मुलं हसायची. बटाटा नाही तर दुसरं काही खावं! माझं उत्तर मी फळ्यावर आकडे लिहून द्यायचे. १८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या जवळजवळ ८२ लाख. त्यांतले ३० लाखांच्या आसपास लोक बटाट्याशिवाय दुसरं काही खातच नव्हते, कारण त्यांच्या वाट्याला आलेल्या वाफ्याएवढ्या जमिनीत कुटुंब जगवणारं दुसरं पीक नव्हतं. कामकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. चांगल्या जमिनीतला गहू, ओट आणि गुरं मात्र जमीनदाराच्या खंडासाठी इंग्लंडला जायची. आणि दुष्काळातही जात राहिली. गरिबांचा बटाटा जवळपास एकाच जातीचा, 'लंपर' नावाचा. बटाटा बियांनी नव्हे, डोळ्यांनी लावतात, त्यामुळे शेतातलं प्रत्येक झाड म्हणजे आधीच्याची हुबेहूब नक्कल. एकाला रोग झाला की सगळ्यांना. १८५१च्या शिरगणतीत लोकसंख्या ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली, दहा लाखांहून जास्त जहाजं पकडून देशोधडीला लागली.

या मदतकार्याच्या पैशांची नाडी लंडनमध्ये चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अर्थखात्यातल्या अधिकाऱ्याच्या हातात होती. हा आपल्याला अगदीच परका नाही. त्याची उमेदीची वर्षं हिंदुस्थानात गेली, १८३४मध्ये कलकत्त्यात त्याने मेकॉलेच्या बहिणीशी लग्न केलं. होय, तोच मेकॉले, शिक्षणाच्या पद्धतीवरून आपण ज्याला आजही धारेवर धरतो. फुकट अन्न दिलं तर लोक आळशी होतील आणि बाजाराच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये, या मताचा ट्रेव्हेल्यन. हे संकट म्हणजे ईश्वरी योजना आहे अशा अर्थाचं त्याने लिहूनही ठेवलं. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. आणि १८७६-७८च्या आपल्याकडच्या दुष्काळात रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल धान्यावर आणून ठेवलं, त्यामागची विचारसरणी हीच. सोलापूर, नगर, पुणे, साताऱ्यात माणसं कशी मरताहेत याची माहिती गोळा करून पुण्याची सार्वजनिक सभा सरकारला कळवत होती, म्हणून आपल्याला ती ठाऊक तरी आहे. दोन्हीकडे पीक बुडालं हे खरं. पण पीक बुडणं आणि माणूस मरणं यांच्या मधे जी जागा असते तिथे माणसंच बसलेली असतात. आयर्लंडच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, बाहेरून आलेल्या अगदी पहिल्या मदतींपैकी एक कलकत्त्यात गोळा झालेल्या वर्गणीची होती.

आता मेक्सिको. हा करपा आला कुठून? दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नसलेला हा सूक्ष्म जीव. जर्मन शास्त्रज्ञ द बारी याने १८७६मध्ये त्याला 'फायटोप्थोरा' म्हणजे 'वनस्पतींचा संहारक' असं ग्रीक नाव दिलं. त्याचं मूळ अँडीजमध्ये असावं असं बरेच दिवस वाटत होतं. जिथे पीक तिथेच रोग, हे सरळच. पण १९५०च्या दशकात मध्य मेक्सिकोतल्या तोलुकाच्या खोऱ्यात एक वेगळीच गोष्ट आढळली. या जीवाचे दोन प्रकार असतात आणि ते एकत्र आले तरच त्याची खरी संतती होते. बाकी जगभर एकच प्रकार पसरलेला होता, तोलुकात मात्र दोन्ही सुखाने नांदत होते. अलीकडे, २०१४मध्ये, जनुकांचा अभ्यास करून संशोधकांनी मध्य मेक्सिको हेच त्याचं जन्मस्थान असा कौल दिला. काही जण अजूनही अँडीजच्या बाजूने बोलतात, पण पारडं मेक्सिकोकडे झुकलेलं आहे.

म्हणजे बटाटा मेक्सिकोचा नाही, पण त्याचा काळ मेक्सिकोचा.

आणि पुढची गोष्ट तर मला त्याहून मोठी वाटते. जिथे रोग हजारो वर्षं नांदला तिथे त्याच्याशी झुंजत जगलेलं काहीतरी असणारच. तोलुकाच्या आसपासच्या डोंगरांत रानबटाटे उगवतात, छोट्या छोट्या कंदांचे. त्यांतल्या 'सोलॅनम डेमिसम' नावाच्या जातीला करपा सहज लोळवू शकत नाही. युरोपातल्या पैदासकारांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच तिचा संकर सुरू केला होता, पण एका जनुकाच्या जोरावर उभं केलेलं वाण करपा काही वर्षांत मोडून काढायचा. १९४७मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या कार्यक्रमात मेक्सिकोला गेलेल्या जॉन नीडरहाउझर या शास्त्रज्ञाने उलटा विचार केला. जगात कुठे नसेल इतका करपा तोलुकात दर पावसाळ्यात आपणहून येतो, तर तुमची वाणं इथेच पाठवा! जो बटाटा इथे टिकला तो कुठेही टिकेल. देशोदेशींचे बटाटे तिथे परीक्षेला बसू लागले. एकच जालीम जनुक शोधण्याऐवजी रोग झाला तरी सोसून पीक देणारी, चिवट वाणं निवडायची, असा त्याचा आग्रह. त्याला १९९०चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे नाव फारसं कुणाला माहीत नाही.

त्याच कार्यक्रमातला, त्याच तोलुकात गहू पेरणारा त्याचा सहकारी मात्र आपण सगळे ओळखतो, नॉर्मन बोरलॉग. त्याचं 'लर्मा रोहो' हे वाण ज्या लर्मा नदीच्या नावाचं आहे ती तोलुकाच्याच बाजूला उगम पावते. १९६६मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यात लर्मा रोहो होतं आणि सोनोरा ६४ होतं. ७२च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत तांबडी मिलो घेऊन आलेल्या माझ्या पिढीला धान्य कुठून येतं हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही.

बटाट्यातही हे रक्त आपल्यापर्यंत आलं. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९मध्ये पाटण्याला सुरू झाली, १९५६मध्ये सिमल्याला गेली. तिथून करप्याला तोंड देणारी जी वाणं निघाली त्यांत मेक्सिकोच्या रानबटाट्याचा अंश आहे. १९६८चं 'कुफरी ज्योती' त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. आपल्या बाजारात नुसतं 'ज्योती' म्हणतात ते हेच. तेही आता करप्यापुढे पूर्वीसारखं टिकत नाही. १९८०च्या दशकापासून करप्याचा दुसरा प्रकारही मेक्सिकोबाहेर पसरला आणि नवे, जास्त जहाल वाण तयार होऊ लागले. औषधं फवारावी लागतात, त्याचा खर्च वाढतो. दीडशे वर्षं उलटून गेली तरी हे भांडण मिटलेलं नाही.

आपल्याकडे हे बघायचं तर पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर जावं. बाकी देशात बटाटा बहुतेक हिवाळ्याचं पीक, पण इथे तो पावसाळ्यात घेतात. जून-जुलैत लावायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचा. ढगाळ हवा, धुकं, सततची रिपरिप लागली की करप्याला आवतणच. आठवडाभर ऊन पडलं नाही तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. हवा तोलुकासारखी आणि शत्रूही तोच.

हा पावसाळी बटाटा मंचरच्या बाजारातून पुण्यात येतो तेव्हा त्याची साल इतकी पातळ असते की नुसत्या अंगठ्याने निघते. तो भाजायला घेऊ नका. त्याची हिरवी मिरची, जिरं, शेंगदाण्याचं कूट घालून उपासाची भाजी करावी. भाजायचा जुना बटाटा फेब्रुवारीनंतर शोधावा.